भाव आधी सांगा, मग भांडा

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेतील सर्वपक्षीय सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई

विषय: दवाखान्यांचे दर, सरकारी आरोग्य योजना आणि त्यावरून चाललेले पक्षीय भांडण

सन्माननीय सदस्यहो,



मी बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्यात औषधाचे दुकान चालवतो. धुळे-सोलापूर महामार्गावरचे आमचे गाव. एके काळी चौसाळा नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. 2008 च्या पुनर्रचनेत तो गेला. सभा, भाषणे आणि आश्वासने ऐकण्याची या गावाची सवय मात्र जुनी आहे. हे पत्र मी कोणत्याही एका पक्षाला लिहीत नाही. ज्या विषयावर तुम्ही सगळे एकमेकांवर तुटून पडता, त्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तुमच्या भांडणात कधीच येत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना आहे.

दुकानाच्या काउंटरवर मला दोन प्रश्न रोज ऐकू येतात. “हे योजनेच्या कार्डावर होतंय का?” आणि “अंदाजे किती लागतील?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्धवट का होईना, देता येते. दुसऱ्याचे देता येत नाही. आमच्याकडचा पेशंट गंभीर झाला की त्याला बीडच्या सिव्हिलला नेतात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात नेतात, नाहीतर बार्शी, सोलापूर, संभाजीनगर गाठतात. गाडीत बसताना घरच्यांना फक्त खिशात किती आहेत एवढे माहीत असते, तिथे किती लागणार ते माहीत नसते. त्या एका आकड्यावर घरातले पुढचे सगळे निर्णय टांगलेले असतात. बैल विकायचा की सोने गहाण ठेवायचे, सावकाराकडे जायचे की मुकादमाकडून उचल वाढवून घ्यायची, हे सगळे त्यावरच ठरते.

आता या प्रश्नावर तुम्ही कसे भांडलात ते बघा. 1997 मध्ये शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने गरिबांच्या हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियांसाठी जीवनदायी योजना आणली. 2012 मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने तिच्या जागी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. आधी आठ जिल्हे, मग नोव्हेंबर 2013 पासून सगळे राज्य, कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण, 972 उपचार. 2017 मध्ये फडणवीस सरकारने तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना केले. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली. 2020 मध्ये महाविकास आघाडीच्या काळात दोन्ही योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. 2023 मध्ये शिंदे सरकारने संरक्षण 5 लाखांवर नेण्याचा आणि योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय घेतला.

ही यादी मी तुम्हाला लाजवायला लिहिलेली नाही. उलट, प्रत्येक सरकारने आधीच्या सरकारच्या कामात भर घातली हे त्यातून दिसते, आणि त्याबद्दल मी सगळ्यांचा आभारी आहे. आमच्या पंचक्रोशीत या योजनेमुळे वाचलेली माणसे आहेत. मूळ रचनाही सगळ्यांनी तीच ठेवली: पैसा सरकारचा आणि उपचार बऱ्याच अंशी खासगी रुग्णालयात. म्हणजे या धोरणावर तुमचे एकमत आहे. तरीही भाषणांत काय ऐकू येते? विरोधी बाकावरचा म्हणतो, सरकारने आरोग्य खासगीवाल्यांच्या घशात घातले. सत्ताधारी म्हणतो, आम्ही सगळे मोफत केले. निवडणूक होते, बाके बदलतात आणि वाक्येही बाकांबरोबर बदलतात. भांडण नावाचे, फलकावरच्या फोटोचे आणि श्रेयाचे होते. दर कोण ठरवतो, कसा ठरवतो आणि तो पाळला जातो का, हे तपासणारा कोण, यावर सभागृहाचा एक अख्खा दिवस गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

मी स्वतः बाजारावर जगणारा माणूस आहे. माल घेतो, विकतो, त्यावर घर चालवतो. त्यामुळे “मुक्त बाजार” म्हटले की माझ्या अंगावर काटा येत नाही. बाजाराच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मला समजते. आमच्या भागात डॉक्टर आले ते बहुतेक खासगीच आले. रात्री-बेरात्री दार उघडणारा, कर्ज काढून दवाखाना बांधणारा, सोनोग्राफीचे यंत्र तालुक्याला आणणारा डॉक्टर सरकारी आदेशाने आलेला नव्हता. सरकारने दर बांधून दिले आणि ते वर्षानुवर्षे वाढवले नाहीत, योजनेचे पैसे महिनोन्महिने अडकवले, तर लहान रुग्णालय योजनेतून बाहेर पडते आणि शेवटी हाल पेशंटचे होतात. हे म्हणणे खरे आहे, आणि सरकारी व्यवस्थेच्या कैवाऱ्यांनी ते ऐकले पाहिजे.

पण बाजाराला बाजार म्हणायचे तर त्याच्या काही अटी असतात. बीडच्या मोंढ्यात सोयाबीनचे पोते काट्यावर चढते त्याआधी भाव पुकारलेला असतो. चार व्यापारी समोर उभे असतात, भाव पटला नाही तर शेतकरी माल परत नेऊ शकतो, आणि वजनावर बाजार समितीची नजर असते. दवाखान्यात यातले काय आहे? भाव नंतर कळतो. पोटात कळा येत असलेली बाई चार ठिकाणी चौकशी करत फिरू शकत नाही. तपासणी हवी का, ऑपरेशन हवे का, हे विकणाराच ठरवतो. केनेथ अॅरो या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1963 मध्येच हे मांडून ठेवले आहे: आजारपण कधी येईल ते ठाऊक नसते, उपचाराबद्दल डॉक्टरला जे कळते ते रुग्णाला कळत नाही, म्हणून वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. अॅरोंना पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ते काही बाजाराचे शत्रू नव्हते.

माझ्या दुकानात हेच लहान प्रमाणात दिसते. एकाच औषधाच्या, एकाच ताकदीच्या दोन कंपन्यांच्या गोळ्यांवर छापील किमती कितीतरी वेगळ्या असतात. चिठ्ठी लिहिणारा एक, माल विकणारा दुसरा आणि पैसे देणारा तिसरा. त्यातल्या तिसऱ्याला निवडीचा अधिकार नाही. जेनेरिक गोळीवरही छापील किंमत खरेदीच्या कितीतरी पट असू शकते, कारण ज्या औषधांवर सरकारी दरनियंत्रण नाही त्यांची किंमत छापताना कंपनीला जवळपास मोकळीक आहे. स्वस्त औषधांची जन औषधी योजना 2008 मध्ये एका सरकारने सुरू केली, दुसऱ्या सरकारने नाव बदलून ती वाढवली. दोघांचेही भले होवो. पण चिठ्ठीवर ब्रँडच येत राहिला, तर फलकावर कोणाचेही नाव असले तरी पेशंटच्या खिशाला काय फरक पडतो?

आता ज्या गोष्टीने आमच्या जिल्ह्याचे नाव जगभर गेले तिच्याकडे येतो. 2019 च्या पावसाळी अधिवेशनात तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तुमच्यापैकी अनेकांसमोर सांगितले की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत 4,605 गर्भाशये काढली गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या स्त्रियांमध्ये देशाचे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास होते.

या बायका काही अनोळखी नाहीत. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. पाळीच्या दिवसांत फडावर ना पाणी ना आडोसा. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, ही दुखणी साध्या औषधाने, स्वच्छतेने, वेळेवर तपासणीने बरी होऊ शकतात. पण त्यासाठी पुन्हा पुन्हा दवाखान्यात जावे लागते, आणि प्रत्येक फेरीला खाडा पडतो. अशा वेळी कोणी म्हटले की पिशवी काढून टाका, कटकट जाईल, पुढे कॅन्सरची भीती नाही, तर ती बाई काय करेल? ती कर्ज काढते. ते फेडायला पुन्हा उचल घेते. तिशी-पस्तिशीत पिशवी गेल्यावर कंबर धरते, थकवा येतो, हाडे ठिसूळ व्हायला लागतात, आणि त्या शरीराने ती पुन्हा फडात उभी राहते.

यात बाजाराचा दोष आहे का? आहे. ज्याला ऑपरेशनचे पैसे मिळतात त्यानेच ऑपरेशन हवे की नको हे ठरवायचे आणि दुसरे मत घ्यायला जवळ कोणी नसायचे, असा बाजार असे वागणारच. सरकारचा दोष आहे का? तोही तितकाच आहे. गावाजवळ स्त्रीरोगतज्ज्ञ असलेले, रक्त-लघवी तपासणारे, औषध देणारे सरकारी रुग्णालय चालू असते, तर त्या बाईला खासगी डॉक्टरचे म्हणणे पडताळून पाहायला एक जागा राहिली असती. पुढे प्रशासनाने गर्भाशय काढण्याआधी आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी सक्तीची केली. गरज होती, चांगलेच केले. पण परवानगीचा कागद म्हणजे उपचार नव्हे. पर्याय उभा राहिला नाही तर बाई जिल्ह्याची हद्द ओलांडून जाईल.

म्हणून सांगतो, सरकारी विरुद्ध खासगी हे भांडण जितके मोठे करून दाखवले जाते तितके ते आमच्या कामाचे नाही. चालू स्थितीतले सरकारी रुग्णालय हाच खासगी दरांवरचा सगळ्यात खात्रीचा लगाम आहे. शेजारी फुकट आणि नीट बाळंतपण होत असेल, तर विनाकारण सिझर करणाऱ्याला विचार करावा लागतो. ज्यांचा स्पर्धेवर विश्वास आहे त्यांनी सरकारी रुग्णालयातल्या रिक्त जागांवर सगळ्यात मोठ्याने ओरडायला हवे. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. मनापासून स्वागत. पण केसपेपर फुकट झाला आणि खुर्चीत डॉक्टर नसला, तर ती मोफत सेवा पेशंटला खासगीच्याच दारात नेऊन सोडते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 जण दगावले, त्यात 12 नवजात बाळे होती. एका खासदाराने अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले आणि चर्चा त्याचीच झाली. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना अर्थसंकल्पाच्या 8 टक्के आरोग्यावर खर्च करायला सांगितले होते. महाराष्ट्र अजून त्याच्यापासून फार दूर आहे. हे दूर राहणे कोणत्याही एका पक्षाचे पाप नाही, ते सगळ्यांच्या राजवटीत चालत आले.

दर बांधले तर काय होते, याचा अनुभव आपल्याला आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने हृदयातल्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली: साध्या स्टेंटला 7,260 आणि औषधयुक्त स्टेंटला 29,600 रुपये. त्याआधी औषधयुक्त स्टेंटची सरासरी छापील किंमत 1 लाख 21 हजारांच्या घरात होती. हे करणारे सरकार उद्योगस्नेही म्हणवणारे होते, हे लक्षात घ्या. त्याचबरोबर दुसरी बाजूही खरी आहे. पुढच्याच वर्षी दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिले राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने तपासली, तेव्हा सिरिंज-कॅथेटरसारख्या वस्तूंवर 1,737 टक्क्यांपर्यंत नफा आढळला. म्हणजे एका वस्तूच्या किमतीवर मर्यादा घातली तर नफा दुसऱ्या वस्तूत लपू शकतो. म्हणून एकेका वस्तूची किंमत बांधण्यापेक्षा अख्ख्या उपचाराचा दर उघड करायला हवा.

कोविडमध्ये हेही आपण केले. 1 जून 2021 च्या अधिसूचनेने राज्याचे तीन गट पाडले. आमच्यासारख्या भागात वॉर्डातल्या खाटेला दिवसाला 2,400, अतिदक्षता विभागात 4,500, व्हेंटिलेटरसह 5,400 रुपये. तेव्हा गावातल्या माणसाच्या हातात एक आकडा होता. तो दाखवून लोक जादा बिलावर भांडले. साथ सरली, अधिसूचना संपली, आकडाही गेला. कोविड नसलेल्या रुग्णांचे दर सरकारने ठरवण्याचा प्रयत्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2020 मध्ये रद्द केला होता. त्याचा अर्थ सरळ आहे: हे काम आदेशाने होणार नाही, त्यासाठी कायदा लागेल. आणि कायदा करणे हे तुमचेच काम आहे.

केंद्राचा वैद्यकीय आस्थापना कायदा 2010 मध्ये झाला. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही, स्वतःचाही केला नाही. आजही आपण 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावर चालतो. जानेवारी 2021 मध्ये त्याचे नियम सुधारले, त्यात रुग्णहक्कांची सनद आली, दरपत्रक लावणे आले. तेव्हापासून आमच्या या महामार्गावर किती दवाखान्यांत दरपत्रक भिंतीवर दिसते, ते तुम्ही स्वतः उतरून पाहा.

दूरची दोन उदाहरणे देतो, कारण तुमच्यापेक्षा कडवे भांडणारे पक्षही यात एकत्र आले आहेत. अमेरिकेत ओबामांचा आरोग्य कायदा 2010 मध्ये एकाही रिपब्लिकन मताशिवाय मंजूर झाला. 2017 मध्ये तो रद्द करण्याचा प्रयत्न सिनेटमध्ये 49 विरुद्ध 51 मतांनी पडला. एवढे वैर असूनही एक गोष्ट टिकली: रुग्णालयांनी आपले दर जाहीर करण्याची तरतूद ओबामांच्या कायद्यात होती, ट्रम्प सरकारने तिच्या आधारे कडक नियम केला, तो 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला, आणि बायडेन सरकारने तो मोडण्याऐवजी दंड वाढवला. दुसरे उदाहरण तामिळनाडूचे. जयललितांच्या सरकारने 1994 मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभे केले. 1996 मध्ये द्रमुक आला, पुढे सत्ता आलटून पालटून बदलत राहिली, पण महामंडळाला कोणी हात लावला नाही. महाराष्ट्राने तशा प्राधिकरणाचा कायदा केला तो 2023 मध्ये. जी गोष्ट चालते तिच्यावर पक्षाची मालकी सांगायची नाही, एवढे शहाणपण आपल्याला जड का जावे?

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. एक, राज्याचा स्वतःचा वैद्यकीय आस्थापना कायदा करा. बाळंतपण, सिझर, अपेंडिक्स, मोतीबिंदू, गर्भाशय, अँजिओप्लास्टी अशा नेहमीच्या उपचारांचा एकूण दर प्रत्येक रुग्णालयाने आधी जाहीर करावा, तो एका सरकारी संकेतस्थळावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावा. दर किती ठेवायचा यावर खुशाल वाद घाला, पण तो लपवण्याची सोय कोणालाही देऊ नका. दोन, जन आरोग्य योजनेत कोणत्या रुग्णालयाने वर्षभरात कोणती ऑपरेशने किती केली आणि किती पैसे घेतले, ही माहिती रुग्णांची नावे वगळून प्रसिद्ध करा. अशी माहिती आधीपासून उघड असती तर आमच्या जिल्ह्यातली गर्भाशयांची गोष्ट कळायला पत्रकारांची वाट पाहावी लागली नसती. तीन, योजनेचे दर ठरावीक मुदतीने वाढवण्याचे सूत्र कायद्यात घाला आणि रुग्णालयांचे पैसे उशिरा दिले तर सरकारने व्याज द्यावे. प्रामाणिक डॉक्टर टिकला पाहिजे. चार, प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून सिव्हिलपर्यंत कोणत्या जागा रिकाम्या आहेत, त्याचा तक्ता प्रत्येक अधिवेशनात तालुकावार सभागृहासमोर ठेवा. ज्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या जातात तिथे महिलांची आरोग्य तपासणी टोळी निघण्याआधी आणि परतल्यावर, दोन्ही वेळा व्हावी.

पाच, या पुढे कोणत्याही आरोग्य योजनेचे नाव बदलायचे नाही, असा एकमताचा ठराव करा. नाव बदलले की कार्ड बदलते, फॉर्म बदलतो, आणि कोणाचे कार्ड चालेल हे विचारत माणसे माझ्या काउंटरवर उभी राहतात.

तुमच्यात मतभेद असावेत, हे मी मनापासून म्हणतो. दर सरकारने बांधावेत की जाहीर करून स्पर्धेवर सोडावेत, पैसा विम्यातून द्यावा की सरकारी रुग्णालये उभारायला, हे खरे प्रश्न आहेत. यावर उजव्या आणि डाव्या विचाराची माणसे प्रामाणिकपणे वेगळी उत्तरे देऊ शकतात. त्या वादात मीही कोणाच्या तरी बाजूने उभा राहीन. पण तो वाद आकडे समोर ठेवून करा, सभागृहात करा, आणि आपापले मत नोंदवून करा, म्हणजे पुढच्या निवडणुकीत कोणी काय म्हटले होते ते आम्हाला पाहता येईल.

येत्या अधिवेशनात तुमच्यापैकी कोणीही, कोणत्याही पक्षाचा, दर जाहीर करण्याचे विधेयक अशासकीय म्हणून का होईना, मांडावे. मांडणाऱ्याचा पक्ष आम्ही विचारणार नाही. विरोध करणाऱ्याला मात्र कारण विचारू, आणि ते चौसाळ्यात येऊन सांगायला सांगू.

आपला,
चौसाळ्यातील एक औषधविक्रेता